मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरची घशाची फ्लॅप शस्त्रक्रिया

मानेच्या मणक्यांवर पुढच्या बाजूने ऑपरेशन झाल्यानंतर घशाला किंवा अन्ननलिकेला छिद्र पडले, तर ते जिवंत स्नायूने किंवा त्वचेने बुजवण्याची शस्त्रक्रिया. ही ऊती, म्हणजेच फ्लॅप, आणताना तिचा रक्तपुरवठा टिकवतात किंवा नव्याने जोडतात. असे छिद्र क्वचितच पडते. बहुतेक अहवालांत त्याचे प्रमाण सुमारे दीड टक्क्याच्या आतच आढळते. पण ज्याला पडते, त्याच्या जिवावर बेतू शकते.

पुढून मणक्याकडे जाण्याची वाट १९५०च्या दशकात रुळली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी व होनोलुलूच्या क्लॉवर्ड यांनी ती दाखवली. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका अंगाला, मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी दुसऱ्या अंगाला सारली की मणका समोर येतो. दोन मणक्यांमधली सरकलेली गादी काढून तिथे हाडाचा तुकडा बसवतात आणि बहुधा धातूची पट्टी स्क्रूने घट्ट करतात. पाठीमागून जाण्यापेक्षा ही वाट बऱ्याच रुग्णांना सोसते. अडचण एवढीच, की अन्ननलिकेची मागची भिंत या पट्टीला जवळजवळ टेकलेली असते.

घसा आणि अन्ननलिका जिथे जुळतात, तिथे मागच्या भिंतीत स्नायूंचे तंतू विरळ असतात. या कमकुवत जागेला किलियनचा त्रिकोण म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी ऊती बाजूला धरणाऱ्या रिट्रॅक्टरचे पाते किंवा ड्रिल लागून भिंत फाटू शकते. काही वेळा मात्र सैल झालेला स्क्रू महिन्यांनी, अगदी वर्षांनीही भिंत झिजवत बाहेर येतो. गिळताना दुखते, ताप येतो, मान दाबली की कातडीखाली हवा चुरचुरते. जखमेतून लाळ आली तर शंकेला जागाच उरत नाही. जंतुसंसर्ग छातीत उतरण्याआधी निदान व्हावे लागते.

छिद्र लहान असेल तर तोंडाने खाणेपिणे बंद, नळीवाटे अन्न, प्रतिजैविके आणि पू बाहेर काढण्याची सोय, एवढ्यावर ते भरून येऊ शकते. मोठे असेल तर पू साफ करतात, हाड जुळले असल्यास धातू काढतात आणि भिंत शिवतात. नुसते टाके मात्र अनेकदा टिकत नाहीत. भिंत सुजलेली असते, आतून दिवसाला सुमारे लिटरभर लाळ वाहते आणि आतड्यांना असते तसे बाहेरचे चिवट आवरण अन्ननलिकेला नसते. म्हणून टाके आणि मणका यांच्यामध्ये रक्ताने भरलेला, जिवंत स्नायू ठेवायचा. जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि औषध दोन्ही रक्तावाटेच जखमेपर्यंत पोचतात.

पहिली पसंती बहुधा स्टर्नोक्लिडोमास्टॉइडला मिळते. मान वळवली की कानामागून छातीच्या हाडापर्यंत दोरीसारखा उठून दिसतो, तोच हा स्नायू. त्याला वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणांहून रक्त मिळते; त्यामुळे एक टोक सोडवले तरी उरलेल्या रोहिण्यांवर तो जगतो. तो त्याच जखमेत हाताशी असतो, आणि मान फिरवण्याचे काम बाकीचे स्नायू बरेचसे सांभाळून घेतात.

तो पुरेसा नसेल, तर १९७९ मध्ये एरियन यांनी वर्णन केलेला छातीच्या मोठ्या स्नायूचा फ्लॅप गळपट्टीच्या हाडावरून कातडीखालून मानेत आणतात. भिंतीचाच मोठा भाग गेला असेल, तर मनगटाजवळची त्वचा किंवा लहान आतड्याचा तुकडा सोडवून, त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडाव्या लागतात.

मूळ न तोडता ऊती फिरवण्याच्या युक्तीचा पुण्याशी जुना संबंध आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीने नवे नाक मिळाले, त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये छापला. कपाळाच्या त्या कातडीचे मूळही भुवयांपाशी शाबूत ठेवले होते.

ऑपरेशननंतर काही दिवस रुग्ण नळीवरच असतो. मग एक्स-रेमध्ये दिसणारे द्रव गिळायला देतात. ते सरळ पोटात उतरले तर पातळ अन्न सुरू होते. थोडेसेही बाजूला झिरपले तर नळी राहते आणि काही दिवसांनी हीच चाचणी पुन्हा होते.