पेशीबाह्य पुटिका आणि चमकत्या रंगाची साक्ष

निपाणी-बेळगावच्या बाजारात नोटा तपासण्यासाठी काही दुकानांत जांभळा दिवा असतो. त्याखाली नोटेतील काही तंतू व आकडे उजळतात. सांगलीच्या हळदीची चिमूट स्पिरिटमध्ये विरघळवून धरली, तर तीही हिरवट-पिवळी उजळते. पाण्यात मात्र मंद राहते. या गुणधर्माला १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत त्यास अनुदीप्ती म्हणतात. पेशींचा परस्परांशी होणारा व्यवहार शोधताना हाच गुणधर्म पुढे संशोधकांचा साक्षीदार ठरला.

पेशी आपल्या आवरणाच्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांना रक्तबिंबिकांपासून सुटलेले असे कण आढळले, तेव्हा त्यांची संभावना 'धूळ' अशीच झाली. १९८३ मध्ये पॅन व जॉनस्टोन यांनी मेंढीच्या अपक्व रक्तपेशींतील एका ग्राहक-प्रथिनास चमकणारी प्रतिपिंडे चिकटवून त्याचा माग काढला. ते प्रथिन पेशीच्या आत गेले आणि पुढे पुटिकांच्या रूपाने बाहेर पडले. तरीही पेशी नको असलेला माल टाकते, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. २००७ मध्ये वालादी व सहकाऱ्यांनी या पुटिकांतून आरएनएचे संदेश दुसऱ्या पेशीत पोहोचतात, असे दाखविले आणि कचऱ्याची टोपली टपालाची थैली ठरली.

या भागातील विद्यार्थी ज्या महामार्गाने पुण्यास शिकावयास जातात, त्याच पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे एक काम येथे नोंदविण्याजोगे आहे. तरुण आधारपेशींच्या पुटिका मिळाल्यावर उंदरांच्या वृद्ध रक्तमूलपेशींना पुन्हा तारुण्याची लक्षणे येतात, असे रोहन कुलकर्णी, वैजयंती काळे व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. असा निष्कर्ष काढावयाचा, तर पुटिका खरोखर दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचली का, हा प्रश्न टाळता येत नाही.

अडचण येथेच आहे. लहान पुटिका साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. साध्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर. म्हणून पीकेएच-२६ सारखा स्निग्धप्रेमी रंग पुटिकांच्या आवरणात मुरवितात. हळदीप्रमाणेच तो पाण्यात मंद व स्निग्ध पदार्थात तेजस्वी. परंतु त्याचे रेणू आपसांत गोळा होऊन पुटिकांएवढेच कण बनवितात आणि पेशी तेही गिळतात, हे २०१८ च्या एका अभ्यासात स्पष्ट झाले. त्याआधी २०१७ मध्ये रक्तद्रवातील स्निग्धप्रथिनांनाही असे रंग चिकटतात, हे दिसून आले होते. शिवाय पुटिका विघटित झाल्यावरही रंग पेशीत रेंगाळतो. अनेक शोधनिबंधांतील लाल ठिपके नेमके कशाचे, ही शंका त्यामुळे रास्तच ठरते. आणि अशाच चित्रांच्या आधारे 'एक्झोसोम' उपचार विकले जात असतील, तर ती शंका प्रयोगशाळेपुरती राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पुटिकेतील सीडी-६३ सारख्या प्रथिनास हिरवे चमकणारे प्रथिन जनुकीय पद्धतीने जोडणे. येथे मोकळ्या रंगाचा प्रश्न उरत नाही. मात्र ज्या पुटिकांत ते प्रथिन नाही, त्या अंधारातच राहतात. रंगच वापरावयाचा असेल, तर दुसऱ्या नळीत पुटिकांविना केवळ रंग घेऊन तीच प्रक्रिया करावी लागते. त्या नळीनेही पेशी तितक्याच उजळल्या, तर पहिल्या नळीचे चित्र कितीही देखणे असले तरी ते पुरावा म्हणून धरता येत नाही.