रिलायन्स बिल्डिंग, शिकागो

रिलायन्स बिल्डिंग ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहरात, स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीट यांच्या नाक्यावर उभी असलेली ऐतिहासिक इमारत आहे. ती १८९५ साली कार्यालयांसाठी बांधून पूर्ण झाली. अनेक दशकांच्या दुरवस्थेनंतर तिचा जीर्णोद्धार होऊन १९९९ पासून तेथे हॉटेल सुरू झाले. इमारतीची उंची सुमारे ६१ मीटर आहे. पोलादी सांगाडा आणि दर्शनी भागातील काचेचे विपुल प्रमाण यांमुळे वास्तुकलेच्या इतिहासात तिला विसाव्या शतकातील काचेच्या मनोऱ्यांची पूर्वज मानतात. भारतातील रिलायन्स उद्योगसमूहाशी या इमारतीचा काहीही संबंध नाही.

बांधकाम

या जागेवर पूर्वी चार मजल्यांची एक इमारत होती. ती विल्यम एलरी हेल यांच्या मालकीची होती. हेल हे उद्वाहकांच्या, म्हणजे लिफ्टच्या, व्यवसायातील उद्योजक. उंच इमारती वाढल्या तर लिफ्टची मागणी वाढणार, हे त्यांनी ओळखले असल्यास नवल नाही. पुढे मोठमोठ्या दुर्बिणींमुळे प्रसिद्धीस आलेले खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल हे त्यांचेच पुत्र.

जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार मे १८९४ पर्यंत चालू होते आणि ते जागा सोडण्यास तयार नव्हते. बर्नहॅम अँड रूट या संस्थेने यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. वरचे तीन मजले भाडेकरूंसह स्क्रू-जॅकवर तोलून धरण्यात आले आणि त्यांच्या खाली, १८९०-९१ मध्ये, नव्या इमारतीचा पाया व तळमजला बांधण्यात आला. नव्या तळमजल्यावर दुकान सुरू झाले आणि त्यावर जुनी इमारत तशीच नांदत राहिली. करार संपल्यावर जुने मजले उतरवून मनोऱ्याचे काम पुढे नेण्यात आले.

मूळ आराखडा करणारे जॉन वेलबॉर्न रूट यांचे जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने निधन झाले. त्यांचे भागीदार डॅनियल बर्नहॅम यांनी वरच्या मजल्यांचे काम चार्ल्स अॅटवुड यांच्याकडे सोपवले. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातील ललितकला भवन अॅटवुड यांचेच. त्याच वर्षी शिकागोत भरलेल्या सर्वधर्म परिषदेमुळे हे प्रदर्शन भारतीय वाचकांना नावाने तरी परिचित असते. सांगाड्याची जबाबदारी अभियंता एडवर्ड शँकलँड यांच्याकडे होती. त्यांनी दोन-दोन मजले उंचीचे स्तंभ वापरले आणि शेजारच्या स्तंभांचे सांधे एकाच पातळीवर येणार नाहीत अशी योजना केली. स्तंभांना जोडणाऱ्या तुळया २४ इंच खोलीच्या होत्या. उंच आणि अरुंद इमारतीवर वाऱ्याचा मोठा जोर येतो, तो या ताठ जोडणीने पेलला. वरच्या दहा मजल्यांचा सांगाडा अवघ्या १५ दिवसांत उभा राहिला.

दर्शनी भाग

सर्व भार सांगाड्याने घेतल्यामुळे बाहेरच्या भिंतीला केवळ आवरणाचे काम उरले. अॅटवुड यांनी ती जवळजवळ काचेचीच केली. मधोमध स्थिर अशी मोठी काच आणि दोन्ही बाजूंना उघडता येणारी अरुंद तावदाने, अशा या रचनेस ‘शिकागो खिडकी’ म्हणतात. खिडक्यांच्या दरम्यान उरलेल्या अरुंद पट्ट्यांवर पांढऱ्या चकाकीच्या टेराकोटाचे, म्हणजे साच्यात घडवून भाजलेल्या मातीचे, आवरण आहे. कोळशाच्या धुराने काळवंडणाऱ्या त्या काळच्या शिकागोत हा रंग धाडसाचाच होता. चकाकीवर काजळी टिकणार नाही, पावसाने इमारत आपोआप धुऊन निघेल, अशी त्यामागे अपेक्षा होती. ती पुरती फळाला आली नाही. सांध्यांतून पाणी आत शिरले की टेराकोटा धरून ठेवणारे लोखंड गंजते, फुगते आणि तुकड्यांना तडे जातात. या दोषाचे परिणाम इमारतीला शंभर वर्षे भोगावे लागले.

वरच्या मजल्यांवर प्रामुख्याने डॉक्टर आणि दंतवैद्य यांचे दवाखाने होते. भरपूर उजेड, प्रत्येक खोलीत वीज व दूरध्वनीची सोय आणि खाली शहराची सर्वांत गजबजलेली बाजारपेठ, असे हे ठिकाण त्यांना सोयीचे होते.

ऱ्हास

१९३० च्या दशकातील महामंदीपासून इमारतीची उतरती कळा सुरू झाली. १९४८ मध्ये माथ्यावरची कॉर्निस, म्हणजे बाहेर झुकलेला सपाट छज्जा, काढून टाकण्यात आली. तळमजल्याचे मूळ रूप दुकानांच्या फेरबदलांत हरवले आणि वरचे मजले हळूहळू ओस पडले. मानसन्मान मात्र याच काळात मिळत गेले. १९७० मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत समावेश, १९७५ मध्ये शिकागो शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा, १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा. कागदावरचा दर्जा छपराची गळती थांबवत नाही, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

आजूबाजूची परिस्थितीही आशादायक नव्हती. अॅडलर आणि सलिव्हन यांची शिकागो स्टॉक एक्स्चेंजची इमारत १९७२ मध्ये पाडली गेली. तिचे अवशेष वाचवण्याच्या प्रयत्नात छायाचित्रकार रिचर्ड निकेल यांचा ढिगाऱ्याखाली मृत्यू झाला. रिलायन्स बिल्डिंगच्या समोर, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या पलीकडे असलेला ‘ब्लॉक ३७’ हा चौक १९८९ मध्ये जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त करण्यात आला आणि पुढची अनेक वर्षे तसाच मोकळा राहिला.

जीर्णोद्धार आणि हॉटेलात रूपांतर

१९९० च्या दशकाच्या मध्यास महानगरपालिकेने इमारत ताब्यात घेतली आणि आधी बाह्यांगाचा जीर्णोद्धार हाती घेतला. मॅक्लियर या संस्थेतील वास्तुविशारद गनी हार्बो यांच्या देखरेखीखाली टेराकोटाची स्वच्छता झाली. फुटलेले तुकडे नव्याने घडवून बसवण्यात आले, खिडक्या दुरुस्त झाल्या आणि नाहीशी झालेली कॉर्निस पुन्हा माथ्यावर आली. बाह्यांग सावरल्यानंतर खाजगी गुंतवणूकदार पुढे आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. मोडकळीस आलेल्या इमारतीच्या दुरुस्तीचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. ती जोखीम पालिकेने पत्करली नसती तर हॉटेल झाले असते असे वाटत नाही.

हॉटेलच का, याचे उत्तर इमारतीच्या आराखड्यात आहे. आधुनिक कार्यालयांना मोठे, सलग मजले लागतात. रिलायन्स बिल्डिंगचा मजला लहान, आणि त्यातही जिना, लिफ्ट व मार्गिका यांनी बरीच जागा व्यापलेली. मात्र दंतवैद्याच्या दवाखान्याची आणि हॉटेलच्या खोलीची गरज जवळपास सारखीच असते: मार्गिकेतून एक दार, बेताची जागा आणि मोठी खिडकी. त्यामुळे जुन्या मार्गिका न मोडता १२२ खोल्या बसवता आल्या. स्नानगृहांचे नळ आणि वातानुकूलन यांची व्यवस्था मात्र नव्याने करावी लागली. मुंबईत याच्या उलट घडले. काळा घोडा परिसरातील वॉटसन्स हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हेही लोखंडी सांगाड्याचे. तेथे हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे होऊन वकिलांची कार्यालये आणि बिऱ्हाडे आली. २००६ साठीच्या जागतिक धोकाग्रस्त स्मारकांच्या यादीत त्या इमारतीचे नाव होते.

अमेरिकेच्या संघीय करकायद्यानुसार नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसनावरील पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलत मिळू शकते. मात्र इमारत उत्पन्न देणारी असावी लागते आणि तिचे ऐतिहासिक स्वरूप राखावे लागते. हॉटेल पहिली अट सहज पुरी करते. दुसरीसाठी झीज सोसावी लागते. येथे वरच्या मजल्यांवरील मोझेकच्या जमिनी, संगमरवरी पट्ट्या आणि धूसर काचेची लाकडी दारे यांचे जतन करण्यात आले. जेथे मूळ काम नष्ट झाले होते तेथे, उदाहरणार्थ तळमजल्यावरील लिफ्टच्या दालनात, जुन्या छायाचित्रांच्या आधारे ते पुन्हा घडवण्यात आले. त्यामुळे आज दिसणारा प्रत्येक भाग १८९५ चा आहे असे समजणे योग्य नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये किंप्टन कंपनीने येथे ‘हॉटेल बर्नहॅम’ सुरू केले. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेली ही कंपनी जुन्या इमारतींत बुटीक हॉटेले, म्हणजे खोल्या मोजक्या पण स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असलेली हॉटेले, उभारण्यासाठी ओळखली जाते. तळमजल्यावरील उपाहारगृहाला अॅटवुड यांचे नाव देण्यात आले. रूट यांच्या वाट्याला मात्र काही आले नाही, जरी इमारतीचा पाया त्यांच्याच आराखड्याचा आहे. पुढे व्यवस्थापन बदलले आणि हॉटेलाचे नाव ‘अॅलिस’, त्यानंतर ‘स्टेपायनॅपल’ असे झाले. वारसा नोंदींत इमारतीचे नाव रिलायन्स बिल्डिंग असेच कायम आहे.