मुंबई ते लंडन : एका अंतराची कहाणी

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि लंडन या दोन शहरांमध्ये दोरी ताणून मोजले, तर अंतर भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. परंतु या ताणलेल्या दोरीवरून प्रवास करण्याचे भाग्य प्रवाशाच्या वाट्याला सहसा आलेले नाही. वाटेत मुलूख कोणाचा, कोळसा कोठे मिळणार आणि पुढे जाऊ कोण देणार, यांवरच हे अंतर नेहमी ठरत आले.

शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जाण्यास चार-सहा महिने सहज लागत. विलायतेला धाडलेल्या पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष उलटून जाई. तोवर पत्रातील प्रश्नही बहुधा शिळा झालेला असे. म्हणूनच तांबड्या समुद्राच्या जवळच्या वाटेने टपाल नेण्याचा हट्ट मुंबई सरकारने धरला. लंडनमध्ये बसलेले कंपनीचे संचालक मात्र खर्चाकडे बोट दाखवीत होते. अखेर मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्या कोठ्यांत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे. तेव्हा प्रवाशांच्या खोल्या आणि डेकसुद्धा कोळशाने भरून ती निघाली! सुएझ गाठण्यास तिला ३३ दिवस लागले आणि त्यांतील सुमारे १२ दिवस केवळ वाटेत कोळसा भरण्यात गेले. तिला अडविले ते समुद्राने नव्हे, कोळशाने. पुढे एडनचे महत्त्व वाढले, ते याच कोळशापायी.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि सुमारे १०,७०० सागरी मैलांची वाट ६,३०० मैलांवर आली. पण हा लाभही कायमचा नव्हता. १९६७ च्या युद्धात कालवा बंद पडला. तो १९७५ पर्यंत उघडला नाही. तेवढ्या काळापुरती आफ्रिकेला वळसा घालण्याची जुनी वाट जहाजांच्या नशिबी पुन्हा आली.

विमानाला तरी आकाश मोकळे असावे? १९२९ साली लंडन-कराची हवाई सेवा सुरू झाली, तीही इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाऊ देण्यास आधी नकार दिल्यामुळे रखडून. सात दिवसांच्या त्या प्रवासात बासेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. १९३२ मध्ये तो मार्ग इराणचा किनारा सोडून अरबस्तानच्या बाजूने गेला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका लहानशा विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विलायतेची हवाई डाक अशा रीतीने मुंबईच्या दाराशी आली.

स्वतंत्र भारताचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून उडाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोहोचले. आज मध्ये कोठेही न उतरता नऊ-दहा तासांत हा प्रवास होतो. जाताना वेळ अधिक लागतो, येताना कमी. कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. वाऱ्याचे गणित वैमानिकास आधी मांडता येते, राजकारणाचे नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे निघालेली आपली विमाने अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. खाली तोच समुद्र होता, ज्यातून ‘ह्यू लिंडसे’ कोळशाने लादलेली गेली होती.