भाऊसाहेब आणि ताई

वडवणीच्या बाजारात चहा पिता पिता कामावरच्या बायकांच्या मानाचा विषय निघाला, की एक उत्तर ठरलेलं: "आपण ताई म्हणतो की! पदाबिदाचा थाट शहरातल्यांना." दाखलाही तगडा देतात. केशरबाई क्षीरसागर तीनदा बीडच्या खासदार झाल्या, जिल्हा त्यांना 'काकू'च म्हणत राहिला. त्यानं त्यांचा दरारा तसूभर तरी कमी झाला का?

नाही झाला, हे कबूल. पण काकूंच्या हाती सत्ता होती. अशा बाईला नात्यानं हाक मारली तर ती जवळीक ठरते. अंगणवाडीतल्या बाईला तीच हाक पदाच्या बदल्यात मिळते. फरक ऐकायचा असेल तर गावात तलाठी आल्यावर ऐका. पोरगा कालपरवा नोकरीला लागलेला, तरी म्हातारी माणसं 'भाऊसाहेब' म्हणत खुर्ची पुढं करतात. भाऊला हा साहेब नोकरीनं चिकटवला. वीस वर्षं पोरांना काट्याच्या झोळीत बसवून वजनं लिहिणारी ताई मात्र ताईच. ताईसाहेब फक्त वाड्यावर असतात.

"हाकेनं काय बिघडतं?" हा पुढचा सवाल. बिघडतं ते कागदावर. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्या अंगणवाडीतली बाई 'सेविका', आणि तिला मिळतं ते 'मानधन'. हा पगार नव्हे, तेव्हा ग्रॅच्युइटीही नाही, असा युक्तिवाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुजरातमधल्या त्या खटल्यात २५ एप्रिल २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी तो मोडीत काढला: मानधन हे वेतनच, आणि १९७२ च्या कायद्यानं ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल. मानाचा शब्द हक्काच्या आड कसा येतो, ते यापेक्षा स्वच्छ कुठं दिसणार?

आणि जिला पदनावच नाही, तिचं काय? आपला हा मुलूख ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, उचल ठरते कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. तोडायला दोघं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायला तीही. मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक त्याचंच. फडात तिला वहिनी म्हणतात, मावशी म्हणतात, नात्यांना तोटा नाही. गंमत अशी, की एकटा गडी गेला तर तीच वही त्याला 'अर्धा कोयता' धरते. म्हणजे उरलेला अर्धा कुणाचा, हे मुकादमाला चांगलं ठाऊक असतं.