आजोबांनी उभे केले, नातवाच्या काळात दुभंगले

आज युद्धाबद्दल नाही, एका मोटार शर्यतीबद्दल बोलणार आहे. मात्र त्यातला धडा आपल्या ओळखीचा आहे.

ही शर्यत म्हणजे अमेरिकेतील इंडियानापोलिस ५००. चाके उघडी असलेल्या गाड्या, अडीच मैलांची अंडाकृती धावपट्टी आणि २०० फेऱ्या. पहिली शर्यत ३० मे १९११ रोजी झाली. रे हॅरुन ६ तास ४२ मिनिटांत ती जिंकला. मागे लक्ष ठेवायला इतरांच्या गाडीत मेकॅनिक बसत. हॅरुन एकटाच होता, त्याने आरसा लावला होता!

पहिल्या महायुद्धात २६ हवाई विजय मिळवणारा एडी रिकेनबॅकर स्वतः इथे शर्यतीत उतरला होता. १९२७ मध्ये त्याने हे मैदान विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले, धावपट्टीवर गवत माजले. १९४५ मध्ये टोनी हलमन या उद्योजकाने ते घेऊन पुन्हा उभे केले. १९६५ मध्ये जिम क्लार्क मोनॅकोची शर्यत सोडून इथे आला आणि जिंकला. त्याच वर्षी तो फॉर्म्युला वनचा जगज्जेताही झाला. एवढा या शर्यतीचा मान होता.

हा मान बाहेरच्या कोणी हिरावला नाही. हलमन यांचे नातू टोनी जॉर्ज यांची तक्रार होती की खर्च भरमसाट वाढला आहे आणि अंडाकृती धावपट्टीवर घडलेल्या अमेरिकन तरुणांना संधी मिळत नाही. तक्रार खोटी नव्हती. चुकला तो उपाय. त्यांनी वेगळी मालिका काढली आणि १९९६ मध्ये ३३ पैकी २५ जागा तिच्यासाठी राखून ठेवल्या. मग नामांकित संघांनीही हट्टाने त्याच दिवशी मिशिगनमध्ये आपली शर्यत भरवली. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. प्रेक्षक आणि प्रायोजक नॅसकारकडे वळले. समेट झाला तो २००८ मध्ये, तब्बल १२ वर्षांनी. तोवर एक पिढी दुसरीकडे रमली होती.

शर्यत संपलेली नाही. २०१६ च्या शंभराव्या शर्यतीची सर्व आसने विकली गेली. पण मैदान भरणे वेगळे आणि देशाने वर्षभर वाट पाहणे वेगळे.

अमेरिकेच्या हुतात्मा स्मरणदिनाला जोडून ही शर्यत होते. ती सुरू होण्यापूर्वी आपल्या लास्ट पोस्टसारखी बिगुलाची धून वाजते. ती ऐकली की मला पलटणीत शिकलेली गोष्ट आठवते: पलटणीची इज्जत आपण कमावलेली नसते, ती आपल्याकडे सोपवलेली असते. रिकेनबॅकर आणि हलमन यांना ते कळले होते. पुढच्यांनी भांडताना ती ठेव कोणाची आहे, एवढेच विचारले नाही.

जय हिंद.