आनंदीबाई: डिग्रीनंतरचे अकरा महिने

आमच्या वेल्ह्याची मामेबहीण जॉर्जियातून डॉक्टर होऊन आली. इथे पुन्हा परीक्षा, वर भोरपासून लांब वर्षभर इंटर्नशिप. मामी विचारते, "डिग्री मिळाली ना, मग अजून काय शिकायचं राहिलं?"

आनंदीबाई जोशींची गोष्टही आपण डिग्रीपाशीच थांबवतो. 11 मार्च 1886, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम. डी. मला मात्र पुढचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. त्या बॉस्टनला, बायकामुलांच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष पेशंट हाताळायला गेल्या. तब्येतीने साथ दिली नाही, ते काम लवकरच सुटलं.

इकडे कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची नेमणूक ठरली होती. चौदाव्या वर्षी स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गमावलेली ही बाई, प्रबंधही प्रसूतिशास्त्रावर लिहिलेला. तिला तो वॉर्ड मिळायलाच हवा होता, नाही का?

1886 च्या अखेरीस त्या परतल्या, पण कोल्हापूरला रुजू झाल्याच नाहीत. क्षयाने 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. अस्थी अमेरिकेत, पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.