चिक चॉकलेट : ‘अलबेला’च्या मागचा विस्मृत बँड

जासई म्हटले की १९८४ चे शेतकरी आंदोलन आणि दि. बा. पाटील आठवतात, आणि ते उचितच आहे. आजचा थ्रेड मात्र जासईच्या हळदीतून सुरू होतो. आगरी घरच्या हळदीला बँड जुन्या चालीवर आला की मांडवातली एखादी वयस्क व्यक्ती हमखास उठते, कोपर किंचित वाकवते आणि गुडघ्यांत हलकासा झोका घेत नाचू लागते. ही नृत्यशैली भगवानदादांची. चाल सी. रामचंद्रांची, चित्रपट ‘अलबेला’, साल १९५१. येथवर बहुतेकांना ठाऊक असते.

परंतु त्या चालीवर जो ट्रम्पेट वाजतो, तो कोणाच्या कल्पनेतला?

त्याचे उत्तर जासईसमोरच्या बंदराच्या पलीकडे आहे. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलाच्या शेजारी ग्रीन्स नावाचे हॉटेल होते. आज तेथे ताजचा मनोरा उभा आहे. चाळीसच्या दशकात त्या ग्रीन्समध्ये ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा बँड वाजवीत असे. त्याचा नायक चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बारदेशातील हळदोणे. लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे दैवत. आर्मस्ट्राँगसारखाच हातात पांढरा रुमाल घेऊन तो ट्रम्पेट वाजवी, आणि मुंबईचे रसिक त्याला ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणत.

हे जॅझ मुंबईत आले कोठून? १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ मध्ये तेथेच वारला. वर्णद्वेषाने पोळलेल्या या कलावंतांना आशियातील हॉटेलांत स्वदेशाहून अधिक मान मिळे. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे तरुण शिकले.

गोव्याचेच का? कारण पोर्तुगीज अमदानीत प्रत्येक चर्चजवळ पारोकियल शाळा असे आणि तेथे मुलांना स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळे. बारा वादकांसमोर बारा कागद ठेवले आणि प्रत्येकाने पाहताक्षणी आपापला भाग वाजवला, हे त्या काळच्या मुंबईत प्रामुख्याने गोवेकरांनाच साधत होते. आमच्या उत्तम गवयांची सारी विद्या कंठात होती. कागदावर ती उतरत नसे. यात उणेपणा कोणाचाच नाही, मात्र पुढचा सारा इतिहास या एका भेदावर उभा आहे.

आता रामचंद्र नरहर चितळकरांकडे वळू. जन्म १९१८, पुणतांबे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त शिक्षण, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादन. अण्णांच्या डोक्यात सुरावट झऱ्यासारखी येई. पण तिला ब्रासचे अंग द्यायचे, क्लॅरिनेटने उत्तर द्यायचे, बाँगोवर ताल धरायचा, तर ग्रीन्समध्ये रोज रात्री हेच करणारा माणूस हवा होता. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला. ‘अलबेला’मध्ये तर तो आपल्या बँडसह, झालरींचे क्युबन धाटणीचे सदरे घालून, पडद्यावरही दिसतो. पुढच्या वेळी चित्रपट पाहाल तेव्हा नायकनायिकेवरून दृष्टी क्षणभर हटवा.

हॉटेलातले वादक स्टुडिओत येण्यास कलेइतकेच पोटही कारण होते. १९४७ नंतर साहेबी गिऱ्हाईक ओसरले. त्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि मद्याविना नाचघर किती दिवस चालणार? रात्रीचा बँड मोडकळीस आला, दिवसाचे ध्वनिमुद्रण मात्र वाढत होते. दारूबंदी नसती तर हिंदी चित्रपटसंगीताचा नाद वेगळा झाला असता, असे माझे मत आहे. ते कोणी खोडून काढल्यास आनंदच होईल.

हा मार्ग एकट्या चिकचा नव्हता. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची वाद्यरचना त्यांच्या लेखणीतून उतरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनगुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने त्यांचे नाव गाण्यातच गुंफले. गुरुदक्षिणा म्हणून ते नाव देशभर दुमदुमले, परंतु ते एका खऱ्या माणसाचे आहे हे किती जणांना ठाऊक होते? ध्वनिमुद्रिकेवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. वाद्यरचनाकाराला तेथे जागाच नव्हती.

एक योगायोग नोंदवण्याजोगा. हे संगीत घडवणारे अण्णा मराठी, त्यावर नाचणारे भगवान आबाजी पालव मराठी, आणि १९५२ पासून नभोवाणीमंत्री या नात्याने चित्रपटगीतांना आकाशवाणीबाहेरचा रस्ता दाखवणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हेही मराठीच! केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा प्रामाणिक होती. पण श्रोते रेडिओची सुई फिरवून सिलोनकडे गेले, आणि ट्रम्पेटही त्यांच्याबरोबर गेला.

अण्णांविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. त्यांनी पाश्चात्त्य चालींची उचल केली, हा आरोप जुना आहे आणि काही गाण्यांपुरता खराही आहे. तथापि ज्यांनी दोनच वर्षांनी ‘अनारकली’ दिला, त्यांना उसनवारीची गरज नव्हती. त्यांना दोन्ही भाषा बोलायच्या होत्या, आणि दुसरी भाषा जाणणारे सोबती त्यांनी निवडले. श्रेयाची वाटणी मात्र समान झाली नाही. चिकने स्वतंत्र संगीतकार म्हणून ‘नादान’सारखे मोजके चित्रपट केले, त्यांतून त्याचे नाव घरोघरी पोहोचले नाही.

१९६६ मध्ये चेतन आनंदांचा ‘आखरी खत’ आला, राजेश खन्नाचा पहिला चित्रपट, संगीत खय्याम यांचे. त्यात नाइटक्लबमधले एक गाणे आहे. तरुण भूपिंदर गात आहे आणि त्याच प्रसंगात एक सावळा, स्थूल माणूस ट्रम्पेट ओठांना लावतो. तो चिक चॉकलेट. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, तो वारला. गाणे आजही सहज पाहायला मिळते. श्रेयनामावलीपेक्षा कॅमेऱ्याने त्याची आठवण अधिक नीट ठेवली आहे.